साड्यांचं कुंपण

सोमवारी सकाळी मी मेथीला पाणी द्यायला परसात गेले, तर एक माणूस आमच्या कुंपणाच्या साड्या उचलून उचलून बघत होता.

एकीचा पदर धरायचा, उलटा करायचा, काठ बोटांत घ्यायचा, सोडून द्यायची, पुढची धरायची... अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, बुटांना ओल्या मातीचे लगदे. बादलीतलं अर्धं पाणी माझ्याच पायावर सांडलं.

"ओ! काय करून राह्यले तिकडं?"

तो दचकला. हातातली साडी तशीच छातीशी धरून म्हणाला, "साडी पाहून राह्यलो."

"ते दिसून राह्यलं मले! काऊन पाहून राह्यले? बायांच्या साड्या चोरता का?"

"साडी चोरायची असती तर असा सकाळी सकाळी इस्त्रीच्या शर्टात आलो असतो का?"

हे वर! मी वाफ्यातलं खुरपं उचललं. तो जरासा मागे सरला आणि हसला. हसला तेव्हा समोरचा एक दात किंचित तिरपा दिसला, आणि माझा मेला राग तिथंच अर्धा झाला.

"मी दीपक. शालूबाईंचा मुलगा," तो म्हणाला. "तुमची आई अन् माही आई एकाच बचत गटात हायेत. ते खुरपं खाली ठेवता का थोडं?"

शालूकाकूंना मी ओळखत होते. त्यांचा मुलगा इतकी वर्षं पुण्याला होता, आता परत येऊन मेहकरच्या पतसंस्थेत लागला, एवढं ऐकून होते. खुरपं मी खाली केलं. ठेवलं मात्र नाही.

इथं कुंपणाचं सांगायलाच हवं. आमचं घर जानेफळच्या अगदी टोकाला. घरामागे माझी परसबाग, बागेमागे पडीक माळ, आणि माळावर ससे. दिवस बुडाला की कान टवकारून येतात आणि सकाळपर्यंत मेथी, वाटाणा, कोबीची रोपं अशी कातरून ठेवतात की कुणी कात्री घेऊन बसलं होतं असं वाटावं. सशांचं निस्तरावं तर साळिंदर नाहीतर रानडुक्कर येऊन रताळी उकरतं, त्याचं निस्तरावं तर खारी टोमॅटो अर्धे खाऊन अर्धे माझ्यासाठी ठेवतात. शाळेत पोरं माझं ऐकत नाहीत, घरात बाबा ऐकत नाहीत. जगात माझं ऐकणारी एक मेथी, आणि तीही सशांच्या पोटात! मला तशीही काळजी करायला कारण लागत नाही. यंदा तर झोपेतही मी "हाट्... हाट्" करून उठत होते.

शेवटी आईनं बचत गटात शब्द टाकला. आमच्याकडे शेताला जुन्या साड्या बांधतातच, वाऱ्यानं कापड फडफडलं की जनावर बुजतं. बायांनी गाठोडीच्या गाठोडी आणून दिली. मी आणि आईनं पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, आणि बांबूच्या काठ्या रोवून सगळ्या बांधून टाकल्या. कोणती कुणाची, कुणी बघितलं?

"आईनं चुकून दुसरंच गाठोडं देलं," दीपक म्हणाला. "पेटीत दोन होते. एकात टाकाऊ साड्या, एकात तिच्या ठेवणीतल्या. दिसाले दोन्ही जुन्याच. बाकीच्या गेल्या तर गेल्या म्हनते, पण त्यात तिच्या साक्षगंधाची साडी होती. माह्या आजीनं तिले आपल्या हातानं नेसवलेली. ती तिले तिच्या सुनेले द्यायची हाये."

"अगं बाई..." मी हातातलं खुरपं टाकलं. "साखरपुड्याची साडी, आणि मी ती कुंपणाला बांधली? उन्हात? लग्न ठरलं का तुमचं?"

"ठरलं नाही. रविवारी वडनेर भोलजीले पोरगी पाह्यले चाललो. पसंत पडली तर आई तिथंच कुंकू लावून साडी देणार. अन् साडी सापडली नाही तर घराच्या बाहेर पाय काढत नाही म्हनते."

"रंग सांगा, लवकर!"

तो कुंपणाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. मग परत कुंपणाकडे...

"हिरवी," तो म्हणाला. "पिवळ्या काठाची."

आम्ही हिरवी साडी शोधली. मी इकडून, तो तिकडून. निळ्या होत्या, जांभळ्या होत्या, फुलाफुलांच्या तर ढिगानं होत्या. चिंचेखालच्या कोपऱ्याकडे मी वळले तर म्हणाला, "तिकडं मी पाह्यलं सगळं." पिवळ्या काठाची हिरवी काही सापडली नाही. तो गेला आणि माझ्या जिवाला घोर लावून गेला. एका बाईची आयुष्यभर जपलेली साडी माझ्या मेथीपायी हरवली! दुपारी वर्गात मी पोरांना एकच बेरीज दोनदा घातली आणि दोन्ही वेळा चुकवली.

मंगळवारी सकाळी बघते तर मेथीचा वाफा एका अंगानं खाल्लेला. चिंचेखालच्या कोपऱ्यात एक विटकी डाळिंबी साडी होती, तिची गाठ सैल होऊन काठ खाली गवतात लोळत होता. शाळेची घाई होती म्हणून तशीच गेले. संध्याकाळी येऊन गाठ आवळायला वाकणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "थांबा, थांबा... तिकडं नको!"

दीपक. मेहकरहून परत येताना सरळ आमच्याकडेच वळला होता. "अजून एकदा पाह्यतो म्हनलं," तो म्हणाला. पण माझं लक्षच नव्हतं. साडीच्या त्या लोळणाऱ्या घडीत काहीतरी हललं होतं.

सशाचं पिल्लू! मुठीएवढं. डोळे उघडे, कान पाठीला चिकटलेले, आणि श्वास असा भराभर चाललेला की मलाच धाप लागली.

"अव माय! याची आई कुठं गेली? कुत्र्यानं खाल्ली असंन! घरात घेऊ का? दूध पाजू का? दुधानं मेलं तर?"

"आधी तुम्ही श्वास घ्या," तो म्हणाला. "खोकं आनतो मी. गरम कपडा हाये का?"

आम्ही दोघं शहाणे त्याला उचलणार, तोच मागच्या दारातून आई ओरडली, "हात लावू नोका बे! त्याची माय हाये माळावर. दिवसा ती जवळ फिरकत नाही, पिल्लाचा ठिकाना कोनाले कळू नये म्हनून. दिवस बुडाला का येते, दूध पाजते, जाते. तुम्ही साडी आवळली का माय बाहेर अन् पिल्लू आत!"

म्हणजे बघा. सशांसाठी मी सगळ्या गावाच्या साड्या गोळा केल्या, आणि आता एका सशिणीसाठी कोपरा उघडा ठेवायचा. मेथी तिच्या नावानं सोडायची. मी तोंड वाकडं केलं, पण गाठ तशीच राहू दिली.

"पण ती येईल ना?" मी विचारलं. "आपला वास लागला म्हणून आलीच नाही तर?"

"पाहू ना. मी थांबतो."

आम्ही मागच्या पायरीवर बसलो, मध्ये पाण्याची कळशी. सूर्य चिंचेआड गेला. मी बांगड्या वाजू नयेत म्हणून मनगट धरून ठेवलं, त्यानं गाडीची किल्ली मुठीत आवळली. चिंचेवरचे कावळे गप्प झाले... काहीच येईना. मी उठणार, एवढ्यात त्यानं नुसती मान हलवली. नको.

आधी दोन कान दिसले. मग नाक. मग ती अख्खी, साडीच्या काठाखालून वाकून आत आली आणि पिल्लावर उभी राहिली. पिल्लू उताणं झालं आणि प्यायला लागलं.

मी दीपककडे बघितलं. तो सशिणीकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. मी झटकन मान फिरवली आणि माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"साडी नाहीच सापडली," जाताना तो म्हणाला. "उद्या येऊन पाह्यतो."

दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशी आला तो खांद्यावर पोतं घेऊन.

"हे काय?"

"केस. सलूनवाल्याकडून आनले. वाफ्याच्या कडेनं टाकायचे. डुक्कर हुंगते, नाकात केस जातात, पळून जाते. सगळे करतात."

मी पोत्यात डोकावले. काळे, पांढरे, मेंदी लावलेले... "ई! कोणाचे हो?"

"अर्ध्या जानेफळचे."

"बाकीचे लोक गजरा आणतात," माझ्या तोंडून निसटलं, "तुम्ही केस आणले." आणि जीभ चावली. मेलं हे तोंड!

तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "गजऱ्याले आधी केस लागतात ना. सुरुवातीपासून करून राह्यलो."

मला इतकं हसू आलं की खाली बसावं लागलं. आम्ही वाफ्याच्या कडेनं केस पसरले. वारा आला की ते उडून त्याच्याच बाहीला चिकटत. मी एक पांढरा केस त्याच्या बाहीवरून काढला, आणि काढल्यावर कळलं की आपण काय केलं. मी तो केस घाईघाईनं वाफ्यात टाकला.

"साडी नाही सापडली तर?" मी वाफ्याकडे बघत विचारलं.

"तर आई वडनेरले जात नाही."

"आणि सापडली तर?"

"तर... जावं लागते."

त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मी मनात म्हटलं, देवा, नको सापडू दे. आणि लगेच दोन्ही कान पकडले. शालूकाकू साडीपायी धड जेवत नाहीत असं आई बचत गटातून ऐकून आली होती, आणि मी हे काय मागतेय? पण मागून झालं होतं. मला तो आवडला होता. खोटं कशाला सांगू, अगदी जीव जाईल इतका आवडला होता, आणि रविवार काही थांबणार नव्हता.

शनिवारी दुपारपासून आभाळ भरून आलं. आईचा चेहरा शेतातल्या कापसापायी उतरलेला, माझा कशापायी ते आईला कळत नव्हतं. एवढ्यात अंगणात शालूकाकू. गुडघा धरत, भिंतीचा आधार घेत आल्या होत्या.

"वंदनाबाई, मले राहावलंच नाही वं," त्या ओट्यावर टेकत आईला म्हणाल्या. "पोरगा रोज येते, रोज म्हनते नाही सापडली. एक खेप माह्या डोयानं पाह्यते. माह्या सासूनं स्वतःच्या हातानं नेसवली होती ती मले. मायेनं बोलनारी बाई नव्हती, पन साडी नेसवताना तिचे हात कापत होते."

मी चहा ठेवला. "काकू, आम्ही सगळं कुंपण शोधलं हो. पिवळ्या काठाची हिरवी साडी कुठंच नाही."

"हिरवी?" काकूंनी मान वर केली. "हिरवी कोन म्हनलं? डाळिंबी हाये. काठ तेवढा हिरवा."

चहा उतू गेला. मी बघत राहिले.

डाळिंबी. चिंचेखाली. सशाच्या पिल्लावर!

तो खोटं बोलला होता. रोज आला, रोज शोधल्यासारखं केलं, आणि साडी तिथंच होती! का? वडनेरला जायचं नव्हतं, म्हणून? मग मी कोण? निमित्त? इतके दिवस मी काळजीनं अर्धी झाले आणि हा... बाहेर पहिला थेंब पत्र्यावर वाजला, आणि मग एकदम सरी कोसळल्या. विजेचा कडकडाट झाला. ती साडी पावसात होती, पिल्लूही पावसात होतं. मी तशीच धावले. मागून काकूंचा आवाज आला, "काय झालं वं पोरी?"

परसात चिखल झाला होता. मी कोपऱ्यापाशी पोचले तर दीपक आधीच तिथं होता. गाडी माळावर आडवी टाकलेली, अंगातला रेनकोट काढून त्यानं तो साडीवर आणि पिल्लावर धरला होता. स्वतः नखशिखान्त भिजलेला.

"ही डाळिंबी आहे," मी ओरडले.

त्यानं मान खाली घातली. "हो."

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"सोमवारी मी पहिले हीच पाह्यली. गाठ सोडली. मंग वाटलं, साडी घरी नेली का रविवार पक्का. मले पोरगी पाह्यले जायचंच नव्हतं. म्हनून परत अटकवली, अन् बाकीच्या उगाच पाहत बसलो... तेवढ्यात तुम्ही बादली घेऊन आल्या."

"म्हणजे रविवार टाळायला! आणि मी मूर्खासारखी हिरवी साडी शोधत बसले!"

"सोमवारी रविवार टाळाले खोटं बोललो," तो म्हणाला. पाणी त्याच्या भुवयांवरून गळत होतं. "मंगळवारपासून... तुह्यासाठी बोलून राह्यलो. साडी सापडली असती तर इथं कोन्या कारनानं आलो असतो मी? आईचा चेहरा पाह्यला का रोज वाटे, आज सांगतो. अन् इथं आलो का सांगवत नव्हतं."

'तुह्यासाठी' ऐकलं आणि माझ्या रागाचं पाणी झालं. पाऊस कानात वाजत होता. मला रडू येत होतं आणि हसूही.

"मले बी तू आवडतोस," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "पण ही साडी तुह्या आईची आहे. त्या तिकडं जेवत नाहीत. आत्ताच्या आत्ता द्यायची. मग उद्या जा वडनेरला, जायचं तर."

"द्यायची कोनाले? मी इथंच हावो."

आम्ही दोघंही गर्रकन वळलो. शालूकाकू डोक्यावर खताचं रिकामं पोतं घेऊन उभ्या होत्या, बाजूला माझी आई. किती ऐकलं होतं देव जाणे. काकू गुडघा धरत पुढे आल्या आणि रेनकोट बाजूला केला. पिल्लू उडी मारून बाहेर पडलं, क्षणभर मेथीत थांबलं, आणि काठाखालून माळाकडे पसार झालं. इतक्या दिवसांत अंगात बळ आलं होतं त्याच्या.

काकूंनी साडी सोडवली. चिखलानं माखलेली. हिरव्या काठाला एका जागी सशानं कुरतडून रुपयाएवढं भोक पाडलेलं. त्यांचा अंगठा भोकाभोवती फिरत राहिला. दीपक पुढे झाला, "आई, चूक माही हाये. हिची नाही..."

"तू गप बस. तुह्याशी घरी बोलते," काकू म्हणाल्या. मग मला आपादमस्तक बघितलं, भिजलेली, चिखलानं भरलेली, नाक लाल झालेली. "माह्या सासूनं आपल्या हातानं ही मले देली. मी बी माह्याच हातानं गाठोडं देलं, अन् याच घरात देलं. आता पोरीच्या घरात देलेली साडी परत नेत असतात का, वंदनाबाई?"

"नाही नेत, बाई," आई कशीबशी म्हणाली.

"मंग वडनेरवाल्याइले मी फोन करून खरं काय ते सांगते. त्याइची पोरगी अजून पाह्यली नाही, शब्द देला नाही. उद्या इकडंच येते." आणि मला म्हणाल्या, "पन आधी तू सांग वं. या खोटारड्यासंग जमते का तुले? नाही म्हनशीन तरी राग नाही माहा."

सगळे माझ्याकडे बघत होते. दीपकनं तर गाडीची किल्ली मुठीत आवळली होती, मंगळवारी पायरीवर आवळली होती तशी. मला हो म्हणायचं होतं. पण तोंडातून आलं ते भलतंच.

"काकू... साडीले भोक पडलं."

"दिसते मले."

"मी रफू करते," मी म्हटलं आणि साडीसाठी हात पुढे केले. "नेसायच्या आधी करते."

काकूंनी ओली साडी माझ्या हातांवर ठेवली. त्यांचे हात कापत होते.

"हाव म्हनलं का तिनं?" दीपकनं हळूच माझ्या आईला विचारलं.

"हाव म्हनलं बाप्पा," आई डोळे पुसत म्हणाली. "घरात चाल आता, डोकं पूस."

संध्याकाळी पाऊस उघडला. चिंचेखालचा कोपरा मोकळाच होता. घरात जुन्या साड्या अजून पुष्कळ होत्या, पण मी तिथं दुसरी बांधली नाही.